पट्टीवरची खूण

गाडीतलं तेल जातंय कुठे, हे काही केल्या टॅक्सीवाल्याला कळेना. गाडीखाली पुठ्ठा पसरून पाहिला, तर एक थेंब नाही. मागून धूर नाही. महिन्याभरापूर्वी स्वतःच्या हाताने नवं इंजिन ऑइल भरलेलं, आणि तेल मोजायची पट्टी ओढून बघावं तर पातळी खाली! भुताटकीच म्हणायची की!

गाडी दोघांची. एक दिवस हा गावात चालवायचा, दुसऱ्या दिवशी धाकट्या बहिणीचा नवरा लांबची भाडी मारायचा. मग याने गुपचूप कानशीने पट्टीवर खूण केली आणि रोज मोजायला लागला. याच्या दिवशी तेल जागच्या जागी, मेहुण्याच्या दिवशी हमखास कमी. आता काय समजायचं माणसाने? मेहुण्याला चोर म्हणावं तर दहा वर्षांत त्याने टाचणी इकडची तिकडे केली नव्हती. न म्हणावं तर पट्टी काय खोटं बोलते?

शेवटी रविवारी जेवताना सगळ्यांसमोर जीभ घसरलीच. "जावईबापू, तेल विकता की पिता?"

मेहुणा हसला नाही. किल्ली टेबलावर ठेवून उठला. त्यानंतर बहिणीने याचा फोन उचलला नाही. बहीण तुटते की काय, या धास्तीने याने गाडी थेट गॅरेजात नेली.

मिस्त्रीने डिकीतला तेलाचा डबा पाहून कपाळाला हात लावला. "हे कोणी आणलं?"

"मीच."

"अहो, हलकं तेल आहे हे. तापलं की त्यातला पातळ भाग वाफ होऊन उडतो. वाफ या नळीतून परत इंजिनात जाते नि जळते. थेंब दिसणार कुठून? उरतं ते दाट होतं, इंजिनाची वाट लागते."

"मग माझ्या दिवशी का नाही उडत?"

"तुम्ही गावातल्या गावात, रमतगमत. तो तासन्‌तास हायवेवर भरधाव. त्याच्या हातात तेल जास्त तापणारच ना!"

हा तडक बहिणीच्या दारात. मेहुण्यासमोर किल्ली धरून म्हणाला, "चुकलो मी. तेल उडत होतं. मीच आणलेलं."

"दादा, ती खूण मी पहिल्याच दिवशी पाहिली होती," मेहुणा म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, उद्या तुम्हीच विचाराल. रोज वाट बघितली."

किल्ली धरलेला हात पुढेच ठेवावा की मागे घ्यावा, हे याला कळेना.