टकटक्यांची कड

पास्को मला न भेटता अमेरिकेला गेला, म्हणून त्या दिवशी मी दगड असे फोडत होते की शेजारच्या बाया उठून लांब जाऊन बसल्या.

कथलाचा दगड हातोड्यानं फोडायचा हे आम्हा बायांचं काम. खाणीबाहेर, उघड्यावर, समुद्राचा वारा तोंडावर घेत. आत पाऊल टाकायची सोय नाही. बाई आत आली की टकटके रुसतात म्हणे! टकटके म्हणजे खाणीतले बुटके. गुडघ्याएवढी उंची, म्हाताऱ्याचं तोंड आणि हातात इवलीशी कुदळ. कुणी म्हणतं ते आमच्याही आधीच्या खाणकऱ्यांचे आत्मे, कुणी म्हणतं स्वर्गाला नकोत आणि नरकालाही नकोत असे अधांतरी जीव. काही का असेना, खडकात त्यांची टकटक ऐकू आली की तिथं कथील भरलेलं असणार. आणि जेवताना पेस्टीची, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या आमच्या भाजक्या करंजीची, कड मोडून त्यांच्यासाठी ठेवली नाही, तर कधी डोक्यावर खाणीचं छप्पर कोसळेल सांगता येत नाही. आमचे पाद्रीबुवा हे सगळं थोतांड म्हणतात. पण स्वतः खाणीत शिरले की चुकूनही शीळ घालत नाहीत, कारण शीळ टकटक्यांना खपत नाही.

आता पास्को. रोज पहाटे कामावर जाताना तो माझ्या खिडकीवर टकटक करायचा. दोन सावकाश, तीन झटपट. मी पडदा सारायची, तो हसायचा आणि पुढं जायचा. एवढंच. बाबांना याचा पत्ता नव्हता, नाहीतर त्यांनी त्याची कुदळ त्याच्याच डोक्यात घातली असती. आदल्या दिवशी त्याला अमेरिकेची बोट धरायला पेन्झन्सला चालत जायचं होतं. मी अंधारातच उठून, नीट केस विंचरून, खिडकीशी बसले. टकटक नाही. उजाडलं, कोंबडे आरवून गप्प झाले, तरी नाही. "गेला उडत!" मी म्हणाले, आणि मग पोटभर रडले.

तर माझा हातोडा चालला होता, आणि दुपारी बाबा खाणीतून बाहेर आले. बाबांचं नाव बायबलातल्या पहिलवानाचं, सॅम्पसन, पण त्या घटकेला ते जत्रेत हरखलेल्या पोरासारखे दिसत होते. मागोमाग त्यांचा जोडीदार हॅनिबलकाका, धापा टाकत.

"केझी, हळू बोल!" बाबा कानाशी लागले.

"मी बोललेच नाही."

"मग नकोच बोलूस. अगं, टकटके! आमच्या भिंतीमागं! सकाळपासून!"

"मी तर म्हणतो भिंतीमागं नुसतं कथीलच कथील," काका कुजबुजले. त्यांची कुजबुज चार शेतं पलीकडे ऐकू जाते.

"तोंड सांभाळ, हॅनिबल! उद्या बोली आहे."

आमच्याकडे खाणीतल्या जागेसाठी बोली लागते. कप्तान एक खडा वर उडवतो, आणि तो जमिनीवर पडायच्या आधी ज्याची शेवटची बोली, त्याची जागा. टकटक्यांची बातमी फुटली असती तर त्या भिंतीसाठी सगळा गाव तुटून पडला असता.

"मग आम्ही शहाण्यासारखं वागलो," बाबा म्हणाले. "ते काम करत असताना खडकाला हात लावायचा नाही. कड ठेवली, टोपी काढली आणि पाय न वाजवता निघून आलो. आणि काय वाजवतात गं! ऐक." त्यांनी बोटाच्या पेरानं माझ्या दगडावर वाजवून दाखवलं.

दोन सावकाश. तीन झटपट.

"बाबा, तो पास्को आहे!"

"कुठला पास्को? तो आता बोटीत ओकत असेल."

"तो गेलाच नाही! आत अडकलाय!"

"तुला गं काय माहीत?"

आजूबाजूचे सगळे हातोडे थांबले. बायांना असल्या वेळी फार स्वच्छ ऐकू येतं. म्हटलं, ऐका मेल्यांनो.

"कारण तो रोज माझ्या खिडकीवर अशीच टकटक करतो!"

हॅनिबलकाकांना ठसका लागला. बाबांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. "रोज?"

"मला नंतर मारा. आधी भिंत फोडा!"

"आणि ते टकटके असले तर? वेडे, त्यांच्या कामात नाक खुपसलं तर सात पिढ्यांना भोवतं! वर जागाही हातची जाईल."

"मग मीच विचारते त्यांना!" आणि मी धूम ठोकली.

बाबांच्या जागेपर्यंत शिडी लागत नाही. कड्यातल्या तोंडातून सरळ चालत जायचं. मी एका हातानं घागरा धरला, दुसऱ्यात हातोडा होताच. मागून बाबा टोपीवरची मेणबत्ती सांभाळत ओरडत होते, "केझी! मागं फिर! बाई आत आली रे देवा!"

भिंतीपाशी पेस्टीची कड नीट मांडून ठेवलेली होती. मी कान लावला. काही नाही. अगदी काही नाही.

"झालं!" बाबा कपाळाला हात लावून म्हणाले. "रुसले."

मी हातोडा उचलला आणि खडकावर हाणला. दोन सावकाश, तीन झटपट.

बाबांच्या टोपीवरचं मेण टपकलं. आणि मग आतून, अगदी क्षीण, पण तीच. दोन सावकाश. तीन झटपट!

मी किंचाळले, हसले, काय केलं कुणास ठाऊक.

बाबांनी भिंतीला कान लावला. "टकटके माणसाला उत्तर देत नाहीत," ते हळूच म्हणाले. मग गरजले, "हॅनिबल! बघतोस काय! बोलाव सगळ्यांना! सगळ्या खाणीला बोलाव!"

गेली बातमी, गेली बोली. माणसं धावत आली. कुदळी चालल्या, दगड हातोहात मागं गेले, आणि कोणी मला बाहेर जा म्हणालं नाही. संध्याकाळी भोक पडलं. आधी एक हात आला, मग धुळीनं पांढरं झालेलं डोकं.

"हा तर साक्षात टकटक्या!" काका म्हणाले.

पास्को पाणी प्यायला, खोकला, पुन्हा प्यायला. "परदेशी निघालो होतो, म्हणून टकटक्यांचा निरोप घ्यायला पलीकडच्या जुन्या भोकातून आलो. कड ठेवली. म्हटलं, माझ्याबरोबर चला, तिकडच्या खाणीत छप्पर कोसळायच्या आधी टकटक करून मला सावध कोण करणार? तेवढ्यात पाठीमागं छप्पर कोसळलं."

"मग? येतो म्हणाले का?" काकांनी विचारलं.

"भूक लागली, काका. त्यांची कड मी खाल्ली."

सगळे चपापले. बाबांनी खिशातून आपली उरलेली पेस्टी काढली आणि अख्खी त्या भोकात ठेवली. "पोर भुकेलं होतं," ते अंधाराला म्हणाले. "राग मानू नका."

पास्कोनं माझ्याकडे पाहिलं. "इथून तुझ्याच खिडकीशी येणार होतो."

"आधी बुटके आणि मग मी?" मी त्याच्या छातीवर मूठ मारली आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडले.

भिंतीमागं कथील नव्हतं. नुसता मुरूम. बाबांनी मूठभर उचलून पाहिला, टाकला आणि पास्कोपुढं उभे राहिले.

"ती टकटक उद्यापासून बंद."

मी पास्कोची बाही घट्ट धरली.

"खिडकीवरची बंद," बाबा म्हणाले. "माझ्या घराला दार आहे. दिवसाउजेडी यायचं, टोपी काढून."

दुसऱ्या दिवशी तो आला. दिवसाउजेडी, टोपी हातात. पण सवय कुठं जाते! दोन सावकाश, तीन झटपट. मी उठायच्या आत बाबाच दार उघडायला धावले.