झाकणाचा खणखणाट

मित्रांनो, मी न्यू ऑर्लिन्सची एक जुनी तांब्याची पातेली आहे. जुनी म्हटलं, भंगार नाही! एके काळी माझं झाकण वाजलं की सगळी गल्ली दारात यायची. तेव्हा मला केवढा तोरा! आज तो आवाज आठवला की मान वर होत नाही.

शहरात माणसांचा बाजार भरायचा, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या गल्लीतल्या बायका काळ्यासावळ्या, पण गुलाम नव्हत्या. अडीअडचणीला त्यांना विचारणारं मात्र कोणी नव्हतं. म्हणून त्यांनी आपलं भगिनी मंडळ काढलं आणि मला घडवून घेतलं. जी बहीण अंथरुणाला खिळेल, तिच्या घरी मी गंबो, म्हणजे भेंडीचा दाट रस्सा, घेऊन जायचे.

मला नेणारी मंडळाची थोरली, युफ्रोझीन. जीभ अशी की कांदा न चिरता डोळ्यांत पाणी! भर दुपारी झाकण खणखणवत निघायची आणि पुढच्याच दारानं शिरायची.

एकदा शिवणकाम करणारी क्लेमांस तापानं पडली. ती हळूच म्हणाली, "थोरल्या बाई, मागच्या दारानं आला असतात तर..."

"का गं? चोरून आणलंय का मी? चूल थंड, आणि नाक बघा केवढं!"

शेजारणी खिदळल्या. क्लेमांसनं मला हात लावला नाही. तिची लेक उपाशी निजली, आणि मी भरलेली तशीच परतले.

पुढे साथ आली. युफ्रोझीन एकटीच घरात आडवी झाली. "ती पातेली माझ्या दारात दिसली तर याद राखा!" असं मंडळाच्या बायकांना बजावून ती भिंतीकडे तोंड करून पडली. अन्न नाही, जीव जाईल अशी वेळ.

मग मागची कडी वाजली. क्लेमांस मला घेऊन आली होती. माझं झाकण तिनं चिंधीनं घट्ट बांधलं होतं. माझा आवाज म्हणून झाला नाही.

"कुणी पाहिलं?" युफ्रोझीननं विचारलं.

"कुणी नाही."

"आता फिटलं ना तुझं?"

"तो अपमान फेडायलाच निघाले होते. पुढच्या दारापर्यंत गेलेही होते, मग झाकण बांधलं आणि वळले. आता तोंड उघडा. बोलायला नाही, खायला!"

युफ्रोझीन जेवली. खाली बघूनच जेवली. तिचे आसू माझ्यात पडत होते.

ती वाचली. माफी काही मागितली नाही, वाकणं तिच्या हाडात नव्हतं. पण ती चिंधी तिनं स्वतः धुतली आणि पुन्हा माझ्याच झाकणाला बांधली.

आता माझी कल्हई उडाली आहे. चिंधी मात्र अजून आहे. मित्रांनो, भुकेल्याच्या घरी जरूर जा. फक्त निघण्याआधी झाकण बांधा.