जनीची पाटी

माणसाला तिशी लागली की आपलं बालपण फार थोर होतं असं वाटायला लागतं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या सहदेवच्या ऑफिसात तर या रोगाची साथच आली होती. साल अठ्ठ्याण्णव. डबा खाऊन झाला की अकाउंट्सवाले, ड्रॉइंगवाले, सगळे काळुरामच्या टेबलाभोवती गोळा व्हायचे, कारण काळुरामने कुठूनतरी फ्लॉपीवर एक प्रोग्रॅम पैदा केला होता. तो नव्या कॉम्प्युटरवर चालायचा आणि दहा-बारा वर्षांपूर्वीच्या, टीव्हीला जोडायच्या चिमुकल्या कॉम्प्युटरचं सोंग घ्यायचा. सोंग हुबेहूब. तेच ठोकळ्याठोकळ्यांचे रंग, तोच किरटा आवाज, तोच उड्या मारून खड्ड्यात पडणारा माणूस. गेम लागला की चांगली बायकामुलं असलेली माणसं ‘अरे, हा तर...’ करत एकमेकांच्या अंगावर पडायची. वर ‘आताच्या गेममध्ये ती मजा नाही’ हे वाक्य रोजच्या रोज, जणू त्यांच्या लहानपणी मजा घरी पाणी भरत होती.

सहदेव मागे उभा राहून नुसता बघायचा. काळुराम म्हणायचा, “सांग ना, तुला कुठला पायजे? सगळे आहेत माझ्याकडे.”

सगळे नव्हते. सहदेवला हवा होता तो गेम जगात कुठल्याच दुकानात कधी आला नव्हता. तो चंदूने केलेला होता.

चंदू कोपरीचा, कोळ्याचा पोर. पॉलिटेक्निकला तो सहदेवच्या बाकावर बसायचा आणि अंगाला मासळीचा वास येतो म्हणून कोणी नाक मुरडलं की मुद्दाम त्याच्या जवळ सरकायचा. सत्त्याऐंशी साली सहदेवच्या मामाने मस्कतहून एक कॉम्प्युटर आणला. पाटीएवढा, रबरी बटणांचा. सहदेवच्या डोंबिवलीतल्या दोन खोल्यांत तो टीव्हीला जोडला आणि दर रविवारी चंदू तिथेच पडीक राहायला लागला. गेम असायचे कॅसेटवर, गाण्यांच्या असतात त्याच साध्या कॅसेटवर. टेपरेकॉर्डरमध्ये लावली की शिट्ट्या आणि खरखर ऐकू यायची. माणसाचे कान किटायचे, पण कॉम्प्युटर तेवढ्या खरखरीतून आख्खा गेम उचलायचा.

सहदेवला खेळण्यात रस, चंदूला करण्यात. महिनाभरात त्याला दुसऱ्यांचे गेम पचपचीत लागायला लागले. “हे काय गोऱ्यांचे राजवाडे नि भुतं,” तो म्हणाला. “आपण आपला बनवू.” आणि खरंच बनवला. त्यात एक कोळीण होती. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन तिने कोपरीच्या बंदरावरून निघायचं, कुत्री चुकवायची, वरून झेपावणारे कावळे चुकवायचे, रेल्वेचे रूळ ओलांडायचे आणि ठाण्याच्या बाजारात पोचायचं. कावळ्याने मासा पळवला की पाटी हलकी व्हायची. पाटी रिकामी, की खेळ संपला. त्या कोळणीचं नाव जनी, कारण चंदूच्या आईचं नाव जनाबाई.

सहदेवने तो गेम किती वेळा खेळला याला गणती नाही. रुळांपर्यंत तो डोळे मिटून जायचा. बाजार मात्र त्याला एकदाही दिसला नाही. “बाजारात पोचल्यावर काय होतं रे?” त्याने विचारलं, तर चंदू म्हणाला, “आय बोलते. काय बोलते ते पोचशील तेव्हा कळेल. मी नाय सांगणार.”

आईला मात्र त्याने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्यांच्या घरी टीव्हीच नव्हता. पहिल्या पगारात टीव्ही घेणार, कॉम्प्युटर डोंबिवलीहून उचलून नेणार आणि तिला समोर बसवून दाखवणार, असा त्याचा बेत होता. बेत करणारा वेगळा आणि मोडणारा वेगळा. शेवटच्या परीक्षेच्या आधी चंदूला मेंदूज्वर झाला आणि बघता बघता तो गेला.

तेराव्याला सहदेवने चंदूच्या गेमची कॅसेट नेऊन जनाबाईच्या हातात ठेवली. “मावशी, यात चंदूची सगळी मेहनत आहे. जपा.” तिने ती छातीशी धरली. दुसरी प्रत काढलेली नव्हती. पुढे मामाने कॉम्प्युटर विकला, सहदेवला नोकरी लागली, लग्न झालं आणि कोपरी, जी डोंबिवलीहून काही काशीइतकी लांब नाही, ती लांब होत गेली.

आता काळुरामचा प्रोग्रॅम आला आणि सहदेवची झोप उडाली. चंदूने केलेली जनी पुन्हा चालू शकत होती. टेपरेकॉर्डरची वायर नव्या कॉम्प्युटरला जोडायची, कॅसेट लावायची, की झालं. दिवाळी संपल्यावर तो कोपरीला गेला.

जनाबाई ओट्यावर सुकट निवडत होती. आवाजावरून तिने त्याला ओळखलं, चेहऱ्यावरून नाही. एका डोळ्याने दिसणं थांबलं होतं. “आलास कं रं सहदेवा? किती वर्सांनी! बस. ह्यो डोला तर जेलाच. डाक्टर बोलला, दुसरा पन जानार. वर्स नाय काढनार बोलला.” नवरा, भिवाजी, खाडीवर गेला होता. खाडीत मासळीपेक्षा केमिकल जास्त, पण म्हातारा सवयीने जायचा.

सहदेवने तिला समजेल असं सगळं सांगितलं. तुमचा चंदू तुमच्यावर एक खेळ करून गेलाय, त्यात तुम्ही चालता, कावळे तुमच्या पाटीवर येतात, आणि तो आता पुन्हा बघता येईल. दिसतंय तोवर बघून घ्या. जनाबाईच्या हातातली सुकट हातातच राहिली.

“माज्यावर? त्यानं?”

“तुमच्यावरच. जनी नाव आहे तिचं.”

ती उठली, देव्हाऱ्याखालचा पत्र्याचा डबा काढला आणि लाल फडक्यात गुंडाळलेली कॅसेट त्याच्यापुढे धरली. अभिमानाने धरली. “बग. जपलाय कं नाय? दर दसऱ्याला पुजते. त्याच्या बाबाचा वल्हा, माजी कोयती, माजी पाटी, आन चंदूचा ह्यो. ह्योच त्याचा हत्यार. हलद, कुंकू, फूल, नारलाचा पानी. एक वरीस चुकला नाय.”

सहदेवने कॅसेट हातात घेऊन उलटी केली. कॅसेटच्या खालच्या कडेला, जिथे तपकिरी फीत उघडी असते, तिथे हळदीकुंकवाचा थर बसून त्याची खपली झाली होती. मधल्या दोन भोकांना बोटाने नीट टिळे लावले होते. वर्षानुवर्षं, ओल्या बोटाने, मनापासून.

“छान जपलीय, मावशी,” तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? “मी घेऊन जातो, नीट करून ठेवतो, मग तुम्हाला...”

“छ्या. त्याला एकटा नाय पाटवायचा.” तिने कॅसेट परत घेतली. “मी येतंय बरोबर.”

त्या रविवारी ती डोंबिवलीला आली. खास ठेवणीतलं लुगडं, कानात बुगड्या, पिशवीत सुके बोंबील आणि कमरेच्या ओच्यात लाल फडक्यातली कॅसेट, तिच्या प्लॅस्टिकच्या डबीसकट. सहदेवच्या बायकोने चहा केला, तो तिने गार होऊ दिला. तिचं सगळं लक्ष सहदेवच्या घरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर. काळुरामचा प्रोग्रॅम त्याने त्यात आणून ठेवला होता.

वायरी बरोबर जोडल्यात का बघावं म्हणून सहदेवने आधी स्वतःची एक जुनी कॅसेट लावली. कॉलेजपासून माळ्यावर फुटक्या बादलीत पडलेली ती त्याने तिच्यादेखतच खाली काढली. डबी नाही, वर पालीची घाण. शिट्टी वाजली, पडद्याच्या कडेने लाल-निळे पट्टे धावले आणि पहिल्याच फटक्यात गेम सुरू झाला. जनाबाई तोंडाला पदर लावून हसली. “ह्यो काय गाना रं? म्हावरा जीव सोडतंय कं काय?”

मग चंदूची पाळी. सहदेवने बारीक स्क्रू काढून कॅसेट उघडली. फितीचे वेढे एकमेकांना चिकटले होते, त्यांवर पांढरी बुरशी होती आणि तळाशी पिवळी-तांबडी पूड. एका चांगल्या कॅसेटच्या खोक्यात त्याने फीत हलवली, कापसाने जमेल तेवढी पुसली. पूड टेबलावर सांडत होती.

“काय पडतंय?” जनाबाईने विचारलं.

“धूळ.”

त्याने बटण दाबलं. खरखर, मग शिट्टी, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांत चंदूने गेमला दिलेलं नाव उमटलं. सहदेवचे डोळे भरून आले. त्याने ते नाव जनाबाईला वाचून दाखवलं, तेव्हा तिने पडद्याला हात जोडले.

मग चित्र यायला लागलं. त्या मशीनवर चित्र वरून खाली, रेघेरेघेने यायचं. आधी आभाळ. मग एक कावळा. मग पाटी, पाटीतून बाहेर आलेली माशांची शेपटं. जनाबाई खुर्ची ओढून पडद्याला नाक लागेल इतकी जवळ सरकली. पाटीखाली चुंबळ आली, कपाळ आलं, कानातल्या बुगड्या आल्या. बुगड्यासुद्धा काढल्या होत्या लेकाने.

“मीच हाय की रं ती,” जनाबाई म्हणाली. “माजीच पाटी. चंद्या, मेल्या...”

आणि खांद्याखाली रेघा फाटल्या. खरखरीत मध्येच एक खड्डा आला, नुसती हवा, आणि पडदा थांबला. खाली एक ओळ आली, कॅसेट वाचता येत नाही म्हणून. खांद्यापर्यंतची जनी तशीच उभी राहिली.

“पुडं?” जनाबाई म्हणाली. “चालते कदी ती?”

“अडकलंय, मावशी. पुन्हा लावतो.”

इथे सहदेवची मती गेली. तेवढं अर्धं चित्र साठवून ठेवायची सोय त्या प्रोग्रॅममध्ये होती. नुसतं एक बटण. पण त्याला बाजार गाठायचा होता, चंदूची आई काय बोलते ते ऐकायचं होतं, आणि शेजारी ही बाई ‘लाव, लाव’ म्हणत होती. त्याने फीत मागे घेतली आणि पहिल्यापासून सुरू केलं. चित्र पुसलं गेलं.

दुसऱ्या खेपेला नाव आलं, पण अर्धवट. आभाळसुद्धा आलं नाही. त्याने टेपरेकॉर्डरचं झाकण उघडून बघितलं. फीत जिथून घासत जाते तिथे तपकिरी चुरा साचला होता. फितीवरचं सगळं तिथे गळून पडत होतं. प्रत्येक खेपेला चंदूचं आणखी थोडं खरवडून जात होतं. लावावी तर जाते, न लावावी तर असून नसल्यासारखी. तो हात आवरून बसला.

“लाव ना रं,” जनाबाई म्हणाली. “येक डाव. माजा डोला हाय तवर.”

त्याने लावली. या वेळी नुसती खरखर. शिट्टी नाही, नाव नाही. खालून भाजीवाला ओरडत गेला तेवढंच स्पष्ट ऐकू आलं. फीत संपली आणि बटण आपोआप टक् करून वर आलं.

सहदेवने ओल्या कापसाने आतला चुरा पुसला. आता करण्यासारखं काही नव्हतं, पण हाताला काहीतरी काम हवं होतं. कापूस त्याने टेबलावर ठेवला. जनाबाईने तो उचलला, चांगल्या डोळ्यासमोर धरला आणि मग नाकाशी नेला. हळदीचा वास कोणा बाईला सांगावा लागत नाही.

“ही हलद हाय,” ती म्हणाली.

“मावशी, कॅसेट जुनी झाली की अशीच जाते. दहा वर्षं म्हणजे काय थोडी झाली? कोणाचीही गेली असती.”

तिने कापूस टेबलावर परत ठेवला. मग माळ्यावरून काढलेल्या त्या बिनडबीच्या कॅसेटकडे तिने बोट केलं. “मंग ती कशी लागली? ती पन तवाचीच ना?”

सहदेवकडे उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. त्या कॅसेटला इतक्या वर्षांत कोणीही हात लावला नव्हता. तिच्यावर कोणाचा जीवच नव्हता, म्हणून ती वाचली.

“ती कंपनी चांगली होती,” तो म्हणाला. एवढं खोटं तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

“तू बोल्लेलास, जप,” जनाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. “आजारी पडला तवा पन लोक बोलले, दवाखान्यात ने. मी देवीचा अंगारा लावत बसली. दोन दिस लावत बसली. मना वाटला, मी करतंय ते त्याच्या बऱ्याचाच हाय.”

सहदेवची बायको दारात उभी होती, ती आत निघून गेली. सहदेव म्हणाला, “मावशी, असं नका बोलू.” त्याने फीत पुन्हा जुन्या खोक्यात घातली, स्क्रू पिळले, कॅसेट लाल फडक्यात गुंडाळली आणि तिच्यापुढे धरली.

जनाबाई उठली. लुगडं सारखं केलं. कॅसेटला तिने हात लावला नाही. ओच्यातून रिकामी डबी काढली आणि तीही टेबलावर ठेवली.

“ऱ्हाऊ दे तुज्याकडं. तुज्या माल्यावर टाक. बादलीत.”

“मावशी, पण ती चंदूची...”

“म्हनूनच बोलतंय,” ती म्हणाली. “माज्याकडं नको. माज्या हातात काय ऱ्हात नाय.”

ती जिना उतरली. एका हाताने कठडा चाचपत, एकेक पायरी. सोबतीला आलेल्या सहदेवला तिने खालच्या दारातूनच परत पाठवलं आणि एकटीच स्टेशनच्या दिशेने निघाली.

सहदेव वर आला. स्टूल घेतलं, फुटक्या बादलीत लाल फडकं ठेवलं आणि खाली उतरून हात धुतले. बोटांवरची हळद साबणाने निघाली नाही. दुसऱ्या दिवशी डबा खाल्ल्यावर काळुराम म्हणाला, “काय रे, मिळाला का तुझा गेम?” आणि सहदेव म्हणाला, “नाही. तो आता कोणाकडेच नाहीये.”