काचपट्टी आणि मऊ शब्द

“मऊ शब्द लिहू नकोस, पोरी. मऊ गादीवर माणूस गाढ झोपतं,” असं म्हाताऱ्या इलारिओने पेशी तपासणाऱ्या नोएमीला बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं. मित्रांनो, मी एक जुनी काचपट्टी आहे. त्या वेळी मी तिच्याच सूक्ष्मदर्शकाखाली होते.

पन्नास बहिणींसोबत डबीत बंद होऊन मी होंडुरासच्या दक्षिणेतल्या एका लहान इस्पितळात आले. इलारिओ तिथे तीस वर्षं काचपट्ट्या रंगवत होता. त्याने माझ्या खरबरीत टोकावर नोएमीला पेन्सिलीने ३१८ लिहायला लावलं, माझ्या अंगावर तिमोतेआबाईंचा सकाळचा कफ पातळ पसरला आणि मला निळ्या, केशरी रंगांत न्हाऊ घातलं. किती नटले होते मी!

तिमोतेआबाई मका आणि चीजची बांगडीसारखी गोल, कुरकुरीत कडी भाजून विकायच्या. चाळीस वर्षं लाकडाच्या भट्टीपुढे. गावात सगळे त्यांना आदराने ‘दोन्या’ म्हणत. कफ द्यायला आल्या तेव्हाही टोपली सोबत होती. नोएमीची सात महिन्यांची मुलगी टेबलाजवळच्या खोक्यात निजलेली असे. बाळ नुसतं शिंकलं तरी नोएमी तीनदा कपाळाला हात लावून बघायची. दोन्यांनी बाळाला उचललं आणि नोएमीच्या हातावर कडं ठेवलं.

“खा गं. आईच अशी वाळली तर पोरीला काय पाजणार?”

“आधी तुमचा खोकला घालवा, दोन्या.”

“तो माझा नाहीच मुळी, भट्टीचा आहे. भट्टी विझली की जाईल!”

दोन दिवसांनी नोएमीने माझ्यात डोकावून पाहिलं आणि तिचा हात थांबला. सात पेशी होत्या. वेड्यावाकड्या, भडक केशरी, पोटात शाईच्या डागासारखी काळी केंद्रं. तिने पुन्हा पाहिलं. मग खिडकीकडे पाहत बसली.

आमच्याकडची रीत अशी, की अहवालाचा लिफाफा रोगी स्वतःच बसने राजधानीच्या डॉक्टरांकडे नेतो, आणि पहिला थांबा यायच्या आत तो फोडून वाचतो. शिवाय अशा पेशींना काय म्हणायचं, याचा तेव्हा आमच्याकडे काही नियमच नव्हता. ज्याने त्याने आपल्या मनचे शब्द लिहायचे. म्हणून तर इलारिओ मऊ शब्दांबद्दल बोलला.

“काका, बसमध्ये एकट्या बाईला घेरी आली, तर धरायला तुम्ही जाणार आहात का?” नोएमी हसून म्हणाली, आणि तिने लिहिलं: ‘काही पेशी किंचित अस्वस्थ दिसतात. गरज वाटल्यास पुन्हा पाहावे.’ महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांनी मला हातही न लावता त्याखाली सही केली.

मित्रांनो, मी ओरडले असते. पण काचेला कंठ नसतो.

अकरा महिन्यांनी दोन्या परत आल्या. टोपली नव्हती. हातात रुमाल होता, त्यावर रक्त.

“तू लिहिलंस पेशी अस्वस्थ. मी म्हटलं, असणारच! चार तास बसमध्ये उभं राहिल्यावर कोण स्वस्थ राहील? राजधानीचे डॉक्टरही हसले बाई. खोकल्याची बाटली दिली.”

नोएमी हसली नाही. या वेळच्या काचपट्टीवर तशाच पेशींचे थवेच्या थवे होते. फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. नाताळच्या आधी भट्टी विझली. खोकला मात्र भट्टीआधीच गेला, दोन्यांसकट.

दोन वर्षांनी राजधानीतून एक शिक्षक आले. देशभरच्या पेशी तपासणाऱ्यांना त्यांनी एका खोलीत बसवलं आणि जुन्या काचपट्ट्या हातोहात फिरवल्या. त्यांत मी होते. एकाने मला ‘दाह’ म्हटलं, दुसऱ्याने ‘बदललेल्या पेशी’, तिसऱ्याने ‘पुन्हा पाहावे’. एकच मी, आणि मला दहा नावं!

शेवटी मी नोएमीपुढे आले. तिने पेन्सिलीचा आकडा वाचला. अक्षर तिचंच होतं.

“संशयास्पद,” ती म्हणाली. “लगेच श्वासनळीत दुर्बीण घालून तपासायला हवं.”

“शाबास!” शिक्षक म्हणाले. “अचूक!”

“शाबास म्हणू नका, सर. ही बाई गेली. हिला ‘अस्वस्थ’ मीच म्हटलं होतं.”

शिक्षकांनी खडू उचलला आणि फळ्यावर पाच वर्ग लिहिले: अपुरा नमुना, निरोगी, असामान्य, संशयास्पद, कर्करोग. प्रत्येकापुढे काय दिसलं पाहिजे, आणि त्याच्याही पुढे, आता काय करायचं. एवढंच होतं. अर्धा फळासुद्धा भरला नाही.

मग माझं फार कौतुक झालं. माझी छायाचित्रं निघाली, नवी मुलं माझ्यावर शिकली. आता माझे रंग विटलेत आणि मी कपाटात धूळ खाते. त्याचं मला वाईट वाटत नाही. माझं कौतुक झालं ते एका बाईच्या मरणावर, याचं वाटतं.

पुन्हा पेटलेल्या त्या भट्टीपुढे आता दोन्यांची लेक देल्मी बसते. तीही खोकते. नोएमी दर शनिवारी तिच्या दारात जाते. देल्मी म्हणते, “पुढच्या आठवड्यात देते कफ.” नोएमी पुढच्या शनिवारी पुन्हा जाते.

मित्रांनो, तुमच्याही ओळखीत चुलीपुढे खोकणारी कुणीतरी असेल. एखादा मऊ शब्द लिहिलेला अहवाल तिने डब्यामागे जपून ठेवला असेल. आजच तिच्याकडे जा. तो कागद काढायला लावा, आणि तिच्यासोबत डॉक्टरांपुढे बसून विचारा, “याचं नेमकं नाव काय, आणि आता पुढे काय करायचं?” उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका. ती म्हणेल, पुढच्या आठवड्यात जाऊ. ऐकू नका.