नोरीनच्या आवडीचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, आणि मी रागावलेला आहे. जुन्या वस्तू सोशिक असतात, असे तुम्हाला कोणीतरी सांगितले असेल. मी तसा नाही.

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटाच्या पश्चिम भागात, तांब्याची खाण असलेल्या डोंगराच्या पायथ्याशी आमचे गाव आहे. माझे लाकूड ह्यूऑन पाइनचे. ते वर्षानुवर्षे पाण्यात पडले तरी कुजत नाही. अल्बी स्केरिट नावाच्या सुताराने मला रंधा मारला, काळा रंग दिला आणि गावच्या सभागृहाच्या दाराशी टांगले. तिथे दर शनिवारी सिनेमा असे. तिकिटे फाडणे, यंत्र चालवणे, शेवटी खुर्च्यांखालचा कचरा काढणे, सगळे नोरीन पायबस करायची. एरवी ती माझ्यावर त्या शनिवारच्या सिनेमाचे नाव लिही. पण नाताळ जवळ आला की माझा थाट वेगळाच! वर मोठ्या अक्षरात ‘नोरीनच्या आवडीचे’ आणि खाली तिच्या मते वर्षातले सर्वांत चांगले पाच सिनेमे.

मग दाराशी भांडणे जुंपत. क्लेम बॅनफील्ड, आमचा खाटीक, सगळ्यात पुढे. तरुणपणी तो खाणीत होता.

“अगं नोरीन, तो बर्फातला सिनेमा पहिला? त्यात कोणी तोंडच उघडत नाही!”

“उघडतात की. तुझ्या घोरण्यात ऐकू आलं नसेल.”

सगळे हसत. इर्मा कोस्टका मध्यंतरासाठी आणलेले लॅमिंग्टन केक वाटे. कोणाला यादी पटे, कोणाला नाही. पण ती नोरीनची आहे, हे सगळ्यांना ठाऊक होते. मला त्याचाच अभिमान होता.

मग आमच्याच गावावर सिनेमा निघाला.

फार वर्षांपूर्वी खाणीत छत कोसळून इर्माचा नवरा बर्नी मेला होता. छताचे लाकडी टेकू कुजले आहेत, बदला, असे तो वारंवार सांगत होता. कोणी बदलले नाहीत. सिनेमा त्याच अपघातावर होता, आणि त्याला मदत खाण कंपनीची होती. चित्रीकरणात अर्धे गाव हौसेने उभे राहिले, आणि सभागृहाला कंपनीकडून नव्या गुबगुबीत खुर्च्याही मिळाल्या.

सिनेमा लागला त्या दिवशी आत पाय ठेवायला जागा नव्हती. दार उघडे होते, म्हणून मलाही ऐकू येत होते. “तो बघ आपला कुत्रा!” “अगं, माझी टोपी!” शिट्ट्या, टाळ्या. मग पडद्यावरचा बर्नी दारू पिऊन खाली उतरला, झिंगत टेकूवर आदळला आणि छत खाली आले. त्याच्या हातात बाटली देणारा माणूस होता आमचा क्लेम. लोक त्याला ओळखून हसले.

इर्मा उठली. केकचे ताट तसेच उचलून माझ्यासमोरून घरी निघून गेली.

त्या डिसेंबरात नोरीनने पाच नावे लिहिली. हा सिनेमा त्यात नव्हता. सभागृह समितीचा अध्यक्ष डॅरेल व्हॉस तरातरा आला.

“नोरीन, आपल्या गावचा सिनेमा, आणि यादीत नाही?”

“मला आवडला नाही.”

“खुर्च्या कोणी दिल्या, विसरलीस?”

“खुर्चीत बसते मी, डॅरेल. कोणाच्या मांडीवर नाही.”

नोरीन जेवायला गेली. डॅरेलने ओले फडके आणून मला पुसले आणि तो सिनेमा पहिल्या क्रमांकावर लिहिला. ‘नोरीनच्या आवडीचे’ ही अक्षरे मात्र त्याने तशीच ठेवली. मित्रांनो, मी तेव्हापासून धुमसतो आहे! त्याला स्वतःच्या नावाने लिहिता आले असते. जागा भरपूर होती. पण त्याला नोरीनचे नाव हवे होते, कारण गावाचा विश्वास त्या नावावर होता.

नोरीन परत आली. तिने वाचले आणि ती लालबुंद झाली. तिने पुन्हा खडू घेतला नाही. आतून पटाशी आणि हातोडी आणली आणि सगळ्यांच्या देखत माझ्या छातीवर घाव घालायला सुरुवात केली.

दुखले का? फार दुखले. पण मी मनात म्हणत होतो, खोल घाल बाई, अजून खोल घाल.

तिने कोरले: ‘बर्नी कोस्टका दारू प्यायलेला नव्हता.’

“अगं, सिनेमाच तो,” गर्दीतून क्लेम पुटपुटला. “गंमत म्हणून उभा राहिलो मी.”

नोरीन वळली. “तू त्या दिवशी खाणीत त्याच्याच पाळीत होतास ना, क्लेम? पाहिली होतीस बाटली?”

क्लेमने मान खाली घातली.

“नाही ना? मग दिलीस कशी?”

कोणी हसले नाही. डॅरेलने त्याच दुपारी नोरीनकडून किल्ल्या काढून घेतल्या आणि मला खेचून काढून मागच्या गवतात फेकले. तोंड खाली. पावसाचे पाणी माझ्या अक्षरांत साचत होते, आणि आतून त्या सिनेमाच्या टाळ्या पुन्हा ऐकू येत होत्या.

क्लेमने मला उचलले. पुसले आणि आपल्या दुकानाच्या काचेमागे, सॉसेजच्या माळांशेजारी, रस्त्याकडे तोंड करून उभे केले. कंपनीच्या खानावळीने त्याच्याकडून मटण घेणे बंद केले. त्याने मला हलवले नाही.

एके सकाळी इर्मा आली. माझ्यावरच्या प्रत्येक अक्षरातून तिने बोट फिरवले.

“तुला तेव्हाच माहीत होतं,” ती क्लेमला म्हणाली.

“हो, इर्मा.”

“मग मी उठून गेले, तेव्हा तू का नाही उठलास?”

इर्मा काही न घेता निघून गेली. ती अजून त्याच्या दुकानात येत नाही, आणि तिचे बरोबरच आहे.

मित्रांनो, फळ्यांना जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. पुसा, रंग फासा, गवतात फेका. आम्ही लाकडाचे, आमचे काय? पण मेलेला माणूस उठून ‘हे खोटे आहे’ असे म्हणू शकत नाही. ते जिवंत माणसांनी म्हणायचे असते, आणि टाळ्या सुरू असतानाच म्हणायचे असते.