नवसाचा जवळा

डॉक्टरीणबाईंनी तो लाल डबा उलटा केला, सुलटा केला आणि टेबलावर ठेवला. डब्यावर चिनी अक्षरं होती आणि एक चित्र होतं, डावीकडे वाकलेली म्हातारी, उजवीकडे तीच ताठ उभी. आक्कांना त्यातलं चित्र तेवढं कळलं होतं. त्यावर भरवसा ठेवून त्यांनी आतल्या काळ्या गोळ्या पावसाळाभर गिळल्या होत्या.

डबा दिराच्या मुलानं, भावेशनं, दिला होता. तो गोदामात सुपरवायझर होता. तिथल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की चीनमधल्या म्हाताऱ्या याच्यावरच डोंगर चढतात. आक्कांना डोंगर चढायचा नव्हता. त्यांना फक्त अंथरुणाला खिळायचं नव्हतं. त्यांच्या सासूबाई आधी वाकल्या, मग पडल्या, आणि पुढे कित्येक वर्षं त्यांचं सगळं आक्कांनीच केलं होतं. त्यांना कुशीवर वळवताना हाडं कशी हाताला लागायची, ते आक्का विसरल्या नव्हत्या. आपल्या सुनेवर, मृणालीवर, ती पाळी येऊ नये म्हणून त्यांनी घरात कुणाला न सांगता गोळ्या सुरू केल्या. आणि चिनी म्हातारी ताठ उभी राहिली असेल नसेल, आक्का मात्र मोरीत घसरल्या आणि डावं मनगट मोडून बसल्या. देव पावला म्हणावं तर भलत्याच बाजूनं.

बाई रागावल्या नाहीत, त्यामुळे आक्का जास्तच घाबरल्या. हाडं पोकळ झाली आहेत, हे बाईंनी फोटो दाखवून सांगितलं. चीनमध्ये ही झाडपाल्याची औषधं जुनी आहेत, काही गुणाचीही असतील, पण या डब्यात नक्की काय आहे ते आपल्याला वाचता येत नाही, आणि अशा काही गोळ्यांनी लिवर बिघडलेली माणसं मी पाहिली आहेत, असं म्हणून त्यांनी रक्त तपासायला लिहून दिलं.

आक्कांचा मुलगा दीपेश शेजारी बसला होता. नारपोलीत त्याचं यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान होतं. मागांच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे तो मोठ्यानं बोलायचा, पण रक्त कुठे तपासायचं ते त्यानं हळू आवाजात विचारलं. बापाच्या पाठोपाठ त्यानं गळ्यात तुळशीची माळ घातली होती आणि मासळी सोडली होती. घरी पोचेपर्यंत तो त्या माळेशी चाळा करत राहिला.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. बाईंनी तो वाचायला घेतला आणि आक्कांनी गावदेवीचं नाव घेतलं. हाडं वाचवायला जाऊन आपण आतलं सगळं नासवलं, आता हे पोर दुकान सोडून आपल्याला दवाखान्यात नेत-आणत बसणार, एवढंच त्यांच्या मनात फिरत होतं.

"लिवर उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "किडनीही. सुटलात आक्का."

आक्कांना हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही. दीपेशनं एवढा मोठा श्वास सोडला, की तो बाईंनाही ऐकू आला. मग बाईंनी हाडांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि खाण्याचं सांगितलं. नाचणी खा, तीळ खा, दूध घ्या, सकाळच्या उन्हात बसा. "आणि तुम्ही खाडीकाठची माणसं. जवळा खाता ना? ती इवलीशी सुकी कोलंबी टरफलासकट पोटात जाते, मूठभरातही भरपूर कॅल्शियम असतं."

"आईला जवला आवडत न्हाय," दीपेश म्हणाला. "मी बारका होतो तवापासून खात न्हाय ती."

एरवी आक्कांनी मान डोलावली असती. इतकी वर्षं डोलावलीच होती. पण जीव भांड्यात पडला की माणसाच्या जिभेवरचं कुलूपही कधीकधी गळून पडतं.

"आवडत न्हाय आसं मीच सांगायची," त्या म्हणाल्या. "जवल्यासारकं दुसरं काय आवडलंच न्हाय मना."

बाकीचं त्यांनी रिक्षात सांगितलं. दीपेश लहान असताना त्याच्या डोक्यात ताप गेला होता, तो कुणाला ओळखेना. तेव्हा आक्का गावदेवीपुढे उभ्या राहिल्या आणि पोर उठू दे, जवळ्याला शिवणार नाही, असं बोलून गेल्या. पोर उठलं. आक्कांनी मासळी खाल्ली, बोंबील खाल्ले, जवळा मात्र सगळ्यांना करून वाढला आणि आपण बाजूला बसल्या. नवस मोडू नये म्हणून कारण कुणाला सांगितलं नाही.

"मग आता सोडव ना तो नवस," दीपेश म्हणाला.

आक्का हसल्या. असा नवस एकाच रीतीनं सुटतो, हे त्यांच्या आईनं त्यांना सांगितलं होतं. ज्याच्यासाठी सोडलं, त्यानं आपल्या हातानं घास भरवायचा.

"आन तुज्या तर गल्यान माल," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे. नाचनी खाईन मी."

दीपेशनं रिक्षा निजामपुऱ्याच्या बाजारात वळवायला सांगितली. सुक्या मासळीच्या ओळीत तो आयुष्यात पहिल्यांदाच एकटा शिरला आणि नाकाला रुमाल न लावता परत आला.

मृणालीनं कांदा, कोकम घालून जवळा केला. वास घरभर पसरला तशा आक्का चुलीजवळ येऊन बसल्या. दीपेश आंघोळ करून आला. माळ काढून ठेवू का, हे त्यानं कुणाला विचारलं नाही आणि काढलीही नाही. पाटावर आईसमोर बसला, नाचणीच्या भाकरीचा तुकडा मोडला, ज्याला इतकी वर्षं हात लावला नव्हता तो जवळा त्यात धरला आणि तिच्या तोंडाशी नेला.

"घे आई," तो म्हणाला. "बरा झालोय मी."

आक्का सावकाश चावत राहिल्या. बारीक टरफलं दाताखाली कुरकुरत होती. चव अगदी तीच होती.

एका घासानं नवस सुटला होता. पुढचं त्यांचं त्या खाऊ शकत होत्या, उजवा हात धडधाकट होता. मृणालीनं ताट त्यांच्यापुढे सरकवलंही. पण आक्कांनी हात मांडीवरून उचलला नाही. मुलाकडे पाहत त्यांनी पुन्हा तोंड उघडलं.