बोंडवांचा बोल

मायने तोंड उघडायचंच सोडलं होतं. पेजेचा चमचा ओठांशी नेला की मान फिरवायची. कुडाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, "मागतील ते द्या. पोटात काही गेलं नाही तर फार दिवस काढायच्या नाहीत." मागतील ते! मागायला आधी आठवायला तर हवं. मी तिची सख्खी मुलगी वेनेसा. तिला मी कधी शेजारीण वाटते, तर कधी नर्स.

आणि एका सकाळी ती आपणहून बोलली.

"डायलन येतलो. बोंडवांचो बोल कर गो. मी पण खातलंय वायच."

डायलन माझा मोठा भाऊ. बोटीवर नोकरीला होता, तिथेच गेला. त्याला इथे चर्चमागे पुरलं, मायने स्वतःच्या हाताने मूठभर माती टाकली आणि थोड्याच दिवसांत विसरली. पुन्हा सांगितलं की पुन्हा पहिल्यापासून आकांत. शेवटी मी सांगणंच बंद केलं. "येतलो" म्हणायचं आणि पेज भरवायची. पाप लागत असेल तर लागो.

बोल म्हणजे रव्याचा, नारळाचा जुना केक. पणजीने म्हापशाहून आणलेल्या पाकपुस्तकात तो काजूच्या बोंडांचा दिलाय. लिहिणारी बाई बहुतेक घाईत असावी. गूळ पुरे इतका, अंडी घरात असतील तितकी. आच मात्र नेमकी सांगितलेली: टोपाखाली निखारे, झाकणावर निखारे, आणि एक तेर्स होईपर्यंत हात लावायचा नाही. तेर्स म्हणजे आमची संध्याकाळची जपमाळ. घरात घड्याळ नसलेल्या बायकांचं ते माप. ओव्हन आहे माझ्याकडे, पण माय खाते म्हणाली होती. मला पुस्तकाबाहेर एक पाऊल टाकायचं नव्हतं.

बोंडं मिठाच्या पाण्यात ठेवून त्यांचा घशाला धरणारा तुरटपणा काढला, ठेचली, गुळात आटवली. मागीलदारी करवंट्यांचे निखारे केले, टोप चढवला, मायची खुर्ची जवळ ओढली आणि तेर्स सुरू केला.

मायला माझं नाव आठवत नाही, पण तेर्सातला एक शब्द ती चुकली नाही. मणी सरकत होते. झाकणाच्या कडेने वास सुटला तशी तिने नाक वर केलं आणि चक्क हसली. मला भरून आलं. खाणार, आज ही खाणार!

तेर्स संपला की आमच्यात घरातल्या गेलेल्यांची नावं घेऊन प्रार्थना करतात. माय समोर असली की मी ती गाळते, मागाहून एकटी म्हणते. त्या दिवशी माझं सगळं लक्ष टोपात. तोंड सवयीने चालत राहिलं.

"पप्पाच्या आत्म्याक... डायलनाच्या आत्म्याक..."

मायचा हात माळेवर थांबला.

"खंयच्या डायलनाच्या?"

मी झाकणावरचे निखारे बाजूला करू लागले.

"माझ्या?" ती म्हणाली. "माका कोणीच सांगूक नाय."

मग ती रडली, पहिल्यांदा ऐकल्यासारखी. तिच्यासाठी ते पहिल्यांदाच होतं. मी झाकण काढलं. बोल अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे झाला होता, वर तांबूस, कडेने सुटलेला. माझा मेलीचा हात नेमका आजच कसा बसला! गरम तुकडा बशीत घेऊन गेले, तर तिने बशी ढकलली.

"मरणाच्या घरात गोड खातत काय गो?"

विसरेल, मी स्वतःला समजावलं. इतकं सगळं विसरते, हेही विसरेल. तिच्या विसरण्याची मी अशी वाट कधी पाहिली नव्हती.

सकाळी ती शांत उठली. डोळे कोरडे. मी बशी पुढे केली.

"माय, बोंडवांचो बोल. खा गो वायच."

"नको. घरात मरण झालाहा."

"कोणाचा?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मीच सांगेन अशा आशेने.

"ठावक नाय," ती म्हणाली. "पण झालाहा."

मी पेज आणली. तिने मान फिरवली.